‘गटार उपसणारा’ मुलगा आणि विकायला काढलेले गुंठे

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केलाय. मुंबईत एका शेठच्या मोटर यॉटवर एसी, बिल्ज आणि डिझेलची देखभाल करतो. म्हणजे बोटीतलं गटारच उपसतो. उद्या स्थळं आली की काय सांगायचं? एक एजंट सहा लाखांत थेट मर्चंट नेव्हीत लावतोय. पन्नास हजार दिलेत, बाकीसाठी पाच गुंठे विकतोय. बरोबर ना?
– एक पालक, अलिबाग तालुका

उत्तर : नाही. गुंठे विकू नका.

तुमच्या चार पानी पत्रात भावकी आहे, बोटीवर असलेला मामेभावाचा मुलगा आहे, अजून न आलेली स्थळंही आहेत. तुमच्या मुलाला काय हवंय, ते मात्र कुठेच नाही. त्याला विचारलंत का? पत्रावरून तरी वाटत नाही. घामेजून घरी आलेल्या पोराला ‘गटार उपसून आलास का’ म्हणायचं आणि वर त्याच्या भविष्याची काळजी वाटते म्हणायचं, हे जुळत नाही. तुम्हाला खुपतंय ते त्याचं काम नाही, त्या कामाला भावकीत भाव नाही हे खुपतंय. त्यासाठी जमीन घालवायची? अलिबागेत एकदा गेलेला गुंठा पुन्हा तुमच्या हाती येणार नाही.

आता त्या ‘गटारा’बद्दल. यॉटचा एसी समुद्राच्या पाण्यावर थंड होतो. गाळणीत शेवाळ, प्लॅस्टिक, शिंपले अडकले की पाणी कमी येतं, दाब वाढतो आणि मशीन बंद पडतं. कच्चा मेकॅनिक गॅस भरत बसतो, जाणता आधी गाळणी उघडतो. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी दिसलं तर ते खारं की गोडं हे आधी बघायचं. गोडं असेल तर एसीचं निथळलेलं किंवा टाकीतून गळालेलं, खारं असेल तर समुद्र कुठून तरी आत येतोय. त्यात डिझेलचा तवंग असेल तर पंप लावून बाहेर फेकायचं नाही. समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोठ्या जहाजांनासुद्धा दशलक्षात १५ भागांपेक्षा जास्त तेल असलेलं पाणी समुद्रात सोडता येत नाही. डिझेलचं दुखणं आणखी छुपं. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला दमटपणा पाणी होऊन तळाशी बसतो, पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जीवाणू-बुरशी वाढून गाळ साचतो. बंदरात काही कळत नाही. बाहेर लाटा लागल्या की गाळ ढवळतो, फिल्टर चोंदतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडतं. बोटीवर ही वेळ येऊ न देणारा माणूस तुमच्या घरात आहे.

मर्चंट नेव्हीत जायचंच असेल तर डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेतला सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (साध्या खलाशाचा) कोर्स आहे, फी संस्थेत भरून पावती घ्यायची. ‘थेट लावतो’ हा प्रकार नाही. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या एमएलसी या खलाशांच्या हक्कांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. एजंटाला आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, त्याचा क्रमांक विचारा आणि तो डीजी शिपिंगच्या यादीत आहे का ते बघा.

मुलाला याच कामात राहायचं असेल तर उणीव आहे ती कागदांची. पावसाळ्यात यॉट बंद असते, तेव्हा एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, प्राथमिक सुरक्षा कोर्स उरकता येतात, साधारण दोन आठवडे लागतात. कुठला फिल्टर कधी बदलला, कुठला पंप का उघडला, याची रोजची नोंद ठेवून कॅप्टनची सही घ्यायची, अनुभवाचं पत्र शेठकडून लेखी घ्यायचं. पुढे दुबईतल्या मोठ्या यॉट किंवा ब्रिटनच्या एमसीए या सागरी सुरक्षा यंत्रणेचा यॉट इंजिनिअरसाठीचा एईसी (मान्यताप्राप्त इंजिन) कोर्स, असे रस्ते आहेत. युरोपात टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम शोधायच्या फंदात मात्र त्याने पडू नये.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही वाचून दुरुस्त करू नका. आणि त्या पन्नास हजारांची मागणी एजंटाकडे या आठवड्यातच लेखी करा. टाळाटाळ झाली तर पोलिसांत तक्रार द्या, भावकीत बोभाटा झाला तरी चालेल.