वर्दी तुम्हाला हवी आहे, तिला नाही

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ६८ टक्के मिळाले. तिला संघटित गुन्हेगारीचा अभ्यास करायचा आहे. मी स्पष्ट सांगितले आहे की करायचेच तर आयपीएस हो, त्यासाठी बी.कॉम. सोडून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. कर. दोन प्रयत्न देईन, नाही जमले तर लग्न. एरवी या क्षेत्रात मुलीच्या जिवाला धोकाच. योग्य सल्ला द्यावा. – एक पालक

उत्तर : गुणांबद्दल मला काही म्हणायचे नाही. तुमच्या पत्रात ‘मी सांगितले आहे’ आहे, ‘ती म्हणते’ मात्र फक्त विषयाच्या नावापुरते. तिला अभ्यास करायचा आहे आणि तुम्ही तिला हुद्दा नेमून देताय, तोही असा की हुकला तर शिक्षा म्हणून लग्न! अशी टांगती तलवार घेऊन यूपीएससीला बसलेली मुले पेपरपेक्षा घरच्यांनाच जास्त घाबरतात. आणि जिवाला धोका वाटतो म्हणून पोलिसात पाठवायचे, हे गणित मला खरोखर कळले नाही.

यूपीएससी, एमपीएससी, किंवा ईडी-सीबीआयच्या काही पदांसाठी कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा (एसएससी सीजीएल) हे मार्ग कुठल्याही पदवीनंतर खुले आहेत. त्यासाठी बी.कॉम. सोडायचे काहीच कारण नाही.

आता गैरसमज. आयपीएस झाले की टोळ्यांचा तपास करायला मिळतो, असे तुम्ही धरून चालला आहात. नेमणूक सरकार ठरवते. बंदोबस्त, कायदा-सुव्यवस्था, आस्थापना यांतच कित्येक वर्षे जाऊ शकतात. टोळीविरुद्धचा खटला उभा राहतो तो कागदावर. १९९९ चा मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदाच घ्या. गुन्हा नोंदवण्याआधी किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, तपास उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी किमान अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. शिवाय मागच्या १० वर्षांत तीन वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन त्यांची दखल घेतली गेलेली हवी. (ती प्रत्येक आरोपीवर नकोत, टोळीच्या खात्यावर पुरतात, कायद्याचे विद्यार्थीही इथे चुकतात.) खटले फसतात ते इथेच. मंजुरीच्या आदेशात आरोपीची भूमिकाच नसते, किंवा जुने गुन्हे आपसातल्या भांडणाचे निघतात आणि टोळीशी, पैशाच्या लाभाशी त्यांचा धागा जुळत नाही. मग मोक्का गळतो, उरतात साधी कलमे.

आणि हा पैसा शोधायला वाणिज्य शाखाच लागते. काळा पैसा फिरवणारी कागदी कंपनी अशी दिसते : भांडवल एक लाख, उलाढाल शून्य, तरी शेअर प्रीमियमपोटी (शेअरच्या दर्शनी किमतीवरची जादा रक्कम) कोट्यवधी आलेले. एकाच पत्त्यावर अनेक कंपन्या, संचालक तेच. १० लाखांवरच्या रोख व्यवहाराची माहिती बँक वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवते म्हणून साडेनऊ-साडेनऊ लाखांचे भरणे. (एकाच महिन्यातले असे जोडलेले भरणेही कळवावे लागतात, हे भरणारा विसरतो.) ताळेबंद वाचता येणाऱ्याच्या नजरेला हे खटकते, राज्यशास्त्राच्या पदवीधराला बहुधा नाही. बी.कॉम.नंतर तीन वर्षांचे एलएल.बी., किंवा सी.ए. करून फॉरेन्सिक ऑडिट (हिशेबातले घोटाळे शोधणे), किंवा बँकेचा मनी लाँडरिंगविरोधी (काळा पैसा पांढरा करणे रोखणारा) विभाग. संशोधनच करायचे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे गुन्हेशास्त्राचे शिक्षण बघा. पण नुसती गुन्हेशास्त्राची पदवी घेऊन कुणी थेट क्राइम ब्रँचमध्ये जात नाही, हे तिलाही सांगा.

तिची आवड खरी आहे की वेब सीरिजपुरती, हे तपासायला क्लास नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. मोक्काचे पाच निकाल तिने काढावेत, निम्मे तरी सुटकेचे. प्रत्येकाचा तक्ता : आधीची आरोपपत्रे व तारखा, पूर्वमंजुरी कुणाची, आर्थिक लाभाचा पुरावा कोणता, न्यायालयाने नेमके काय नाकारले. जोडीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे संघटित गुन्हेगारीवरचे कलम १११ ठेवून व्याख्या ताडून पाहाव्यात. दुसऱ्या निकालालाच कंटाळली तर विषय तिथेच मिटला.

धोक्याचे म्हणाल तर निकाल आणि ताळेबंद वाचणाऱ्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. टोळ्यांची इन्स्टाग्राम खाती फॉलो करणे, ‘मुलाखती’साठी मेसेज टाकणे, हे मात्र तिने अजिबात करू नये. संशोधनासाठी तसे करायचे तर मार्गदर्शक आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवी.

लग्नाची अट आजच मागे घ्या. आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या. तक्ते जोडले तर मी ते वाचून उत्तर देईन.