ट्रान्सफॉर्मरचा टर्न्स रेशो बदलला की सोर्सला दिसणारा लोड का बदलतो? मीटरवर तो का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा की 10:1 टर्न्स रेशोच्या (प्रायमरीला, म्हणजे सोर्सकडच्या गुंडाळीला, दुसरीच्या दहापट वेढे) ट्रान्सफॉर्मरमागे 8 ओहमचा स्पीकर असेल तर सूत्राप्रमाणे (रेशोचा वर्ग गुणिले स्पीकरचे ओहम) 800 ओहम यायला हवेत, मग मल्टिमीटर 40 च का दाखवतो. मीटर ओहमच्या रेंजवर डीसी सोडतो. डीसीला पलीकडचा स्पीकर दिसत नाही, फक्त प्रायमरीची तांब्याची तार दिसते. एसी सिग्नल सोडला की व्होल्टेज दहापट उतरतं आणि करंट दहापट चढतो, म्हणून भागाकारात शंभरपट येतात. वर्ग आला तो इथून.

याच मीटरच्या आकड्यावरून आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात मला चारचौघांत अडाणी ठरवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देवळात 100 वॅटचं मशीन (अ‍ॅम्प्लिफायर), वेशीपाशी 16 ओहमचे पाच भोंगे, मध्ये 200 मीटर वायर. प्रत्येक भोंग्याला मी लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावून त्याच्या टोकांपैकी 10 वॅटचं टोक, म्हणजे टॅप, घेतला. 100 व्होल्टच्या लाइनवर 10 वॅट म्हणजे (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट) 1000 ओहम. 16 चे 1000 करायला रेशो साधारण 7.9 लागतो. पाच समांतर, म्हणजे 200 ओहम. मशीनला खाली 100 ओहमपर्यंत चालतं. कमिटीत डिप्लोमाला शिकवणारे एक सर होते. त्यांनी लाइनवर मीटर धरला, 15 च्या आसपास आकडा आला. "100 हवेत, इथे 15 आहेत. मशीन जळणार. हे डबे काढा, भोंगे सरळ जोडा."

सरळ जोडले तर पाच भोंगे मिळून 3.2 ओहम. 1 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर जाऊन-येऊन 400 मीटर, तिचेच 7 ओहमच्या वर. दोन तृतीयांश पॉवर वायर गरम करण्यात जाणार. पहाटेचा काकडा वेशीपर्यंत पोचला नसता.

मी लाइनच्या एका वायरीत 10 ओहमचा सिमेंट रेझिस्टर सिरीजला घातला, मोबाइलवरून 400 हर्ट्झचा टोन दिला आणि लाइनवर 50 व्होल्ट आणले. रेझिस्टरवर 2.4 व्होल्ट आले. म्हणजे 0.24 अँपिअर, म्हणजे वायर धरून 208 ओहम. तरी सर म्हणाले, "ते इम्पीडन्स झालं, मी रेझिस्टन्सचं बोलतोय." इम्पीडन्स म्हणजे एसीला होणारा अडथळा. मशीनमधून भोंग्याकडे जातं ते कीर्तन, म्हणजे एसी, डीसी नव्हे. मग डीसीचा आकडा घेऊन करायचं काय?

तुम्ही टॅप बदलता तेव्हा रेशोच बदलत असता. 20 वॅटवर तोच भोंगा 500 ओहम दिसतो. सगळ्या टॅपच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवा. 16 ओहमच्या टोकांना 8 ओहमचं युनिट (भोंग्यामागचा आवाज काढणारा भाग) लावलंत तर दिसणारा लोड निम्मा होतो आणि पॉवर दुप्पट खेचली जाते; अशानेही युनिट उडतात.

हे सगळं ट्रान्सफॉर्मर बरा असेल तर. लहान कोअरवर (आतल्या लोखंडी गाभ्यावर) खालचे सूर जोरात दिले की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि लोड खरोखर कोसळतो, तेव्हा बास कमी ठेवा. भोंग्याचा इम्पीडन्सही सुरागणिक बदलतो, त्यामुळे सूत्रातला आकडा अंदाजाचाच समजा. लाइन चालू असताना उघड्या टोकांना हात लावू नका. आता एवढ्या अटी सांगितल्या म्हणून सर बरोबर होते असं कोणी म्हणू नये. त्यांनी कोअरचं नावही काढलं नव्हतं.