पानं फुटली म्हणजे तुती जगली असं नाही!

प्रश्न: बार्शीला माहेरी तुतीचं मोठं झाड आहे, एप्रिलमध्ये येताना दहा-बारा काड्या आणल्या आणि जुळे सोलापुरातल्या घरी कुंड्यांत लावल्या. पंधरा दिवसांत सगळ्यांना पानं आली, मी सासूबाईंना कौतुकानं दाखवलं, आणि महिन्याभरात सगळ्या वाळून कोळ. पाणी रोज घालत होते. काय चुकायलंय सांगा की.

उत्तर: ताई, तुमचं काही फार चुकलं नाही, तुतीनं तुम्हाला फसवलं. काडीत आधीच अन्न साठलेलं असतं, त्याच्या जिवावर डोळे फुटतात आणि पानं येतात, पण खाली मूळ एकसुद्धा नसतं. आता पानं पाणी उडवणार आणि खालून प्यायला कोणी नाही, त्यात आपला एप्रिल-मे, चाळीसच्या वर पारा, मग काडी किती दिवस टिकणार? आणि खरं सांगा, मूळ आलंय का बघायला एकदा तरी हळूच उपसून पाहिलीत ना? मी पण पाहायचो. कोवळं मूळ त्यातच तुटतं.

आता पुन्हा लावा, पण जुलैअखेर ते सप्टेंबरमध्ये. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो, हवा दमट असते, काडीला तेच हवं असतं. काडी सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड घ्या, शेंड्याची कोवळी हिरवी नको आणि म्हातारी जाडजूड पण नको. वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरका काप द्या, पांढरा चीक येईल, येऊ दे. वरचा काप सरळ ठेवा म्हणजे वर-खाली कळतं, कारण डझनभर काड्या हातात घेतल्या की एखादी उलटी लागतेच (हसू नका, माझी लागलीय). दोन डोळे मातीत, बाकीचे वर.

नुसती काळी माती भरू नका, ती ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, दोन्हीत काडी मरते. थोडी वाळू, थोडं कुजलेलं शेणखत मिसळा आणि रोपाच्या पिशवीत भरा. पिशवी सावलीत ठेवा, माती ओलसर राहील इतकंच पाणी. पानं जास्त आली तर अर्धी खुडून टाका, जीवावर येतं पण टाका. जिवंत आहे का अशी शंका आली तर नखानं साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं की झालं. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की मगच जमिनीत लावायची, याला दीड-दोन महिने लागतात.

प्रश्न: मोहोळकडच्या एका रेशीमवाल्या शेतकऱ्याकडून काड्या आणल्या होत्या. झाड चार वर्षांचं झालं, पानं हाताएवढी, पण फळं दोन-चारच. खत वाढवू का?

उत्तर: नको ओ काका, खतानं अजून पानंच वाढतील. रेशीमवाल्यांना किड्यांना खायला पानंच लागतात, म्हणून ते व्ही-१ सारखी पानांसाठीच काढलेली जात लावतात, ती म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेची आहे. तरी एकदा हे करून बघा: डिसेंबर-जानेवारीत फांद्या हलक्या छाटा, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा, मग बुंध्याभोवतीच्या आळ्यात शेणखत आणि भरपूर पाणी. तुतीला नव्या फुटीवरच फळ येतं. जमलं नाही तर ज्या झाडाची फळं तुम्ही स्वतः खाल्ली त्याचीच काडी आणा. बियांपासून आलेलं झाड नर निघालं तर नुसत्या फुलांच्या लोंब्या येऊन गळतात, फळ कधीच नाही. नर्सरीत ‘कलमाचं आहे’ सांगून मला असंच एक खपवलं होतं, तीन वर्षं पाणी घातलं त्याला.

प्रश्न: टेरेसवर ड्रममध्ये येईल का?

उत्तर: येईल. अर्धा कापलेला ड्रम, खाली भोकं, दरवर्षी छाटणी. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड चुकलं तरी पानं माना टाकतात, त्यामुळे नळाला पाणी कधी येतं ते बघून आधीच भरून ठेवा. आणि कपड्यांच्या दोरीपासून लांब ठेवा, बुलबुल फळं खातात आणि चादरीवर जांभळी सही करून जातात.

प्रश्न: शेंड्याची पानं चुरगाळून गोळा झालीत, मुंग्या पण फिरतात. रोग आहे का?

उत्तर: रोग नाही, पिठ्या ढेकूण नावाची कीड आहे. गोळा उलगडून बघा, आत पांढरा कापूस दिसेल. मुंग्या त्याचा गोड चिकटा खायला येतात. तो शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, कंपाउंडबाहेर फेकू नका, तिथून तो शेजाऱ्यांच्या जास्वंदीवर जातो. बाकी झाडावर कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणात मिसळून संध्याकाळी फवारा. फळं धरली असतील तर फवारू नका, नुसते शेंडे छाटत राहा.