ओसाकाहून एका दिवसात कोबे बघून होईल का? सोबत आई आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे.

आरामात होईल. ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) जलद गाडी, शिनकाइसोकु, पकडा. साधारण वीस-पंचवीस मिनिटांत सान्नोमियाला, म्हणजे कोबेच्या मध्यवर्ती स्टेशनवर, उतराल.

कोबे म्हणजे उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी. म्हणून सकाळी वर जायचं आणि दिवसभर उतरत उतरत बंदरावर यायचं. आईंचे गुडघे तुम्हाला दुवा देतील. सान्नोमियाहून मेट्रोने एकच स्टेशन पुढे शिन-कोबे. या बुलेट ट्रेनच्या स्टेशनच्या मागेच नुनोबिकीचे धबधबे आहेत. सर्वांत मोठा ४३ मीटरचा, पण तिथवर चढ आहे. आईंना झेपणार नसेल तर सोडून द्या आणि सरळ कितानोला चला.

कितानोत विदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले आहेत. १८६८ मध्ये बंदर परकीय व्यापाराला खुलं झालं, त्यानंतरची ही वस्ती. प्रत्येक बंगल्याचं वेगळं तिकीट काढत बसू नका, दोन-तीन बाहेरून बघितले तरी पुरे. त्यापेक्षा जवळचं पांढरंशुभ्र जैन मंदिर बघा. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. पुढे मोत्यांच्या धंद्यात गुजराती-मारवाडी मंडळींनी इथे जम बसवला आणि १९८५ मध्ये हे मंदिर उभं राहिलं. थोडं खाली उतरलात की १९३५ ची मशीद लागते, जपानमधली पहिली. युद्धातली बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींतून ती वाचली.

जेवण याच भागात उरका. भारतीय हॉटेलं आहेत, आईंना डाळ-भात मिळेल. पुढे नानकिनमाची या चिनी बाजारात वाफाळते बन खुणावतील, पण आत बहुतेक डुकराचं मांस असतं. जपानी नूडल्सच्या रश्श्यातही मासळीचा अर्क असतो, भाज्या दिसल्या तरी विचारूनच घ्या.

बंदरावरचं मेरिकेन पार्क मात्र काही केल्या चुकवू नका. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. बोटींच्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा तेव्हा मोडला तसाच तिथे ठेवला आहे. फरशी खचलेली, दिव्याचे खांब कलंडलेले आणि भेगांतून आत आलेलं समुद्राचं पाणी. तिकीट नाही. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांचा पाय तिथून लवकर निघत नाही. माझा निघाला नव्हता.

अंधार पडला की शेजारचा १०८ मीटरचा लाल पोर्ट टॉवर उजळतो. तो हार्बरलँड या किनाऱ्यावरच्या खरेदीच्या भागातून छान दिसतो. परतीसाठी पुन्हा सान्नोमियाला जायची गरज नाही. हार्बरलँडजवळच जेआरचं कोबे स्टेशन आहे आणि शिनकाइसोकु तिथेही थांबते.