वाचक विचारतात : घोड्याचे पाय

(या सदरात लष्करातून निवृत्त झालेले आणि आता गोव्यात साखळीला राहणारे एक घोडेस्वारी प्रशिक्षक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. दर शिगम्याला घोडेमोडणी (कमरेला सोंगाचा घोडा बांधून करतात तो नाच) बघत वाढली. 'मुलींना त्यात नाचू देत नाहीत ना, मग मी खऱ्याच घोड्यावर बसते' म्हणते. पॅरिस ऑलिंपिकमधलं इव्हेंटिंग मोबाइलवर पाहिल्यापासून तेच खूळ डोक्यात आहे. तिचे आजोबा म्हणतात, श्रीमंतांचे चोचले. आमचं दुकान आहे, फार पैसा नाही. खरं काय ते सांगा.
— एक आई, वाळपई

उत्तर : ताई, घोडेमोडणी बघून पोर घोड्याच्या नादी लागली हे वाचून मी एकटाच हसलो. त्या घोड्याला पायच नसतात! मान आहे, लगाम आहे, रंगीत झूल आहे, पाय मात्र नाचणाऱ्याचे. आणि इव्हेंटिंगमध्ये सगळा खेळ पायांचा.

पलटणीत आम्ही याला 'थ्री डे' म्हणायचो : एकाच स्पर्धेत घोडेस्वारीच्या तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या मैदानात ठरवून दिलेल्या चाली, अगदी शांत डोक्याने. मग क्रॉसकंट्री : ओंडके, चर, पाणी, चढउतार, चौखूर दौड. शेवटी शो जम्पिंग, नाल लागला तरी खाली येणाऱ्या दांड्या. तिन्हीला घोडा तोच, स्वार तोच. काल ज्याला बेफाम सोडलं, त्याच जनावराला आज दांडीवरून अलगद न्यायचं. दांडी पडली की ४ दंडगुण. क्रॉसकंट्रीत घोडा अडला की २०. ठरलेल्या वेळेपुढच्या प्रत्येक सेकंदाला ०.४. ज्याचा दंड सगळ्यांत कमी, तो जिंकला. बाई-पुरुष अशी वेगळी यादी नाही, हे मुलीला जरूर सांगा. टोकियो ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने नेलं. या प्रकारात ते मिळवणारी ती पहिली बाई.

आता आपल्या बंगळूरच्या स्वाराचं, फवाद मिर्झाचं बघा. वडील घोड्यांचे डॉक्टर, म्हणजे तबेल्याचा वास घरातलाच. २०१८ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याने वैयक्तिक रौप्य मिळवलं, संघालाही रौप्य. १९८२च्या दिल्लीत रघुबीर सिंगांनी सुवर्ण घेतलं होतं, त्यानंतर वैयक्तिक पदक यायला ३६ वर्षं गेली. पुढे टोकियोत तो २३वा आला. लोकांनी २३ हा आकडा वाचला आणि पान उलटलं. मी मात्र आकडेमोड करत बसलो. ड्रेसाजमध्ये २८ दंडगुण, म्हणजे उत्तम. क्रॉसकंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, फक्त वेळेचे ११.२०. ०.४ने भागा : २८ सेकंद. एवढ्या वेळात आमच्याकडे चहाला उकळीसुद्धा येत नाही. त्याच्या आधी इंद्रजित लांबा अटलांटाला आणि इम्तियाज अनीस सिडनीला गेले होते; त्यानंतर थेट दोन दशकांनी हा.

त्याचा घोडा सेन्यॉर मेडिकॉट, लाडाने मिकी. मिकीवर आधी जर्मनीची बेटिना हॉय बसायची. मिर्झासाठी तो विकत घेतला बंगळूरच्या एका उद्योगसमूहाने. म्हणजे आजोबांचं निम्मं बरोबर आहे. अशा घोड्याच्या पैशांत पर्वरीला फ्लॅट येईल, आणि फ्लॅट लंगडत नाही. घोडा युरोपातच ठेवावा लागतो, कारण रोगांच्या नियमांमुळे इथला घोडा युरोपात सहज नेता येत नाही. २०२५मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला घोड्यांसाठी रोगमुक्त क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे वाट थोडी उघडली. तोवर स्वारानेच घर सोडायचं. मिर्झा जर्मनीत प्रशिक्षक सांड्रा आउफार्टच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहिला.

आणि तिथे रोज काय करायचं? पदकाच्या फोटोत हे दिसत नाही. पहाटे खरारा, लीद काढणं, खुरात अडकलेली माती-खडे हुकाने खरवडणं. मग पाय. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली हळूहळू फिरवायची. चारही पाय. एखाद्या जागी ऊब लागली, की त्या दिवशी स्वारी बंद, मग स्पर्धा उद्या असो की परवा. मी एकदा घाईत डावा पुढचा पाय बघितलाच नाही. परेडची वेळ झाली होती, साहेब वाट बघत होते. दहा मिनिटांत घोडी तीन पायांवर आली. सहा आठवडे मीच तिच्या पायावर पाणी मारत बसलो, आणि दर वेळी ती मान वळवून माझ्याकडे बघायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून मुलीला आधी घोड्यावर बसवू नका. सुट्टीत पुण्याच्या किंवा बंगळूरच्या एखाद्या रायडिंग स्कूलला पंधरा दिवस पाठवा आणि सांगून ठेवा, पहिला आठवडा फक्त तबेल्यात. लीद उचलूनही आठव्या दिवशी डोळे चमकले, तर पुढचं पत्र लिहा. पैशांची वाट मग शोधू. ज्युनियर स्पर्धा आहेत, दुसऱ्याचे घोडे फिरवून शिकलेले स्वार खूप आहेत. कंटाळली, तर दुकान आहेच, आणि शिगमाही दरवर्षी येतो.

प्रश्न : एवढ्या उंच ओंडक्यांवरून घोडे उडवणं ही क्रूरता नाही का?
— म्हापसा

उत्तर : कधी कधी असते. टोकियोत स्वित्झर्लंडच्या रोबिन गोडेलचा घोडा जेट सेट क्रॉसकंट्रीत जायबंदी झाला, त्याला दयामरण द्यावं लागलं. त्याच्यावर पांघरूण घालून मी या खेळाची तरफदारी करणार नाही. आता बऱ्याच अडथळ्यांना जोराचा धक्का बसला की ते सुटून पडतात, म्हणजे घोडा त्यांवरून कोलमडत नाही. त्याबद्दल स्वाराला ११ दंडगुण. त्या ११नेच टोकियोत जर्मनीच्या मिखाएल युंगचं पदक गेलं. २०२४ला पॅरिसला त्याने वैयक्तिक सुवर्ण घेतलं, तिसरं. शो जम्पिंगआधी पशुवैद्य प्रत्येक घोड्याला पळवून बघतात, लंगडला की घरी. आमच्या काळी एवढं नव्हतं. पुरेसं आहे का? मला विचाराल तर अजून नाही.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, फोंड्याला बँकेत आहे. शिकायला उशीर झाला का?

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू हॉयने टोकियोत ६२व्या वर्षी सांघिक रौप्य आणि वैयक्तिक कांस्य घेतलं. अर्थात तो लहानपणापासून घोड्यावर आहे, तुम्ही काउंटरवर. ऑलिंपिक सोडा, दुलकी चाल सहा महिन्यांत जमेल. पत्रात वय लिहिलंत, वजन लिहिलं नाहीत. ते कळवा, मग घोडा कोणता ते सांगतो.