वाचकांचे प्रश्न : शरदात साताऱ्याकडे निघताना

पाऊस ओसरला की सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग पाहण्यासाठी निघणाऱ्यांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, अशी काही येथे घेतली आहेत. एकसारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये रजा मिळणे अवघड असते. दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कासला गेलो, तर फुले दिसतील का? की हंगाम संपलेला असेल? – एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : याचे उत्तर दसरा कधी येतो यापेक्षा त्या वर्षी पाऊस कसा झाला यावर अधिक अवलंबून आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेतले तर दरवर्षी आपला अंदाज आपल्यालाच बांधता येईल.

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर पसरलेला असून त्यावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा आहे. कित्येक ठिकाणी तर तो इतका विरळ आहे की उघडा कातळच दिसतो. अशा जमिनीत मोठे झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात कातळावर पाणी साचते, पाऊस गेला की काही आठवड्यांतच ते आटते आणि उन्हाळ्यात तो सडा, म्हणजे कातळाचा सपाट माथा, तापून निघतो. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हा सारा संसार येथील बहुतेक वनस्पतींना त्या ओलाव्याच्या मुदतीतच उरकावा लागतो, म्हणून एवढी फुले एकाच वेळी दिसतात आणि म्हणूनच ती फार दिवस थांबत नाहीत.

हंगाम सर्वसाधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो, पण या काळात पठाराचा रंग सतत बदलत राहतो. पांढऱ्या गेंदाची दाटी, तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक हे प्रामुख्याने सप्टेंबरचे वैभव असते. त्यानंतर सोनकी आणि ‘मिकी माउस’ या नावाने वाटाड्यांनी लोकप्रिय केलेला कावळा यांच्या पिवळ्या रंगाचा जोर वाढतो. दसरा सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येत असेल आणि पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला असेल, तर आपण निःशंकपणे जावे. अधिक मासामुळे तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यावर गेला असेल, तर मात्र छायाचित्रांत पाहिलेला गालिचा मनात धरून जाऊ नये. पिकत चाललेले सोनेरी गवत आणि त्यात मागे राहिलेली तुरळक फुले पाहण्याची तयारी असेल, तरच मुलांची निराशा होणार नाही. कारवीबद्दलही अनेक जण विचारतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे ती दिसेलच असे गृहीत धरून बेत आखू नये.

मुले बरोबर असतील तर एक आग्रहाची सूचना करावीशी वाटते. दूरवर पसरलेला रंग मोठ्यांना भुलवतो, पण मुलांचे मन त्यात फार वेळ रमत नाही. त्यांना पायवाटेच्या कडेला उकिडवे बसायला सांगावे आणि दवबिंदू नावाची वनस्पती शोधायला लावावे. तिच्या पानांवर बारीक लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट थेंब चमकत असतो. दव समजून त्यावर उतरलेले चिलट तिथेच अडकते, आणि थोडा वेळ निरखून पाहिले तर पाय सोडवण्याची त्याची धडपडही दिसते. जवळच्या ओलसर जागी फुललेली सीतेची आसवे हेच काम जमिनीखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्यांनी करीत असतात. कातळावरच्या मातीत पोषक द्रव्ये कमी असल्यामुळे या वनस्पतींनी कीटकांकडून ती मिळवण्याचा मार्ग धरला आहे. हे एकदा पाहिलेले मूल ते शाळेत जाऊन सांगितल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : निसर्ग सर्वांचा असताना कासला आधी नोंदणी, शुल्क आणि ठरलेल्या वाटेनेच चालण्याची सक्ती कशासाठी? पूर्वी आम्ही गाडी रस्त्याकडेला लावून मनसोक्त फिरत असू. – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : आपली खंत प्रामाणिक आहे, तरीही ही बंधने आवश्यक आहेत असे माझे ठाम मत आहे. या पठारावर फुलझाडांच्या ८५० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा त्यातील निवडक स्थळांत कासचाही समावेश झाला. साताऱ्याचेच नाव आपल्या शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा सह्याद्रीच्या अशाच सड्यांवर सापडतो. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला त्याचा तुरा पाहायला लोक दुरून येतात, आणि छायाचित्राच्या नादात नेमके त्याच्याच शेजारच्या रोपांवर उभे राहतात. येथील पुष्कळ रोपांची उंची वीतभरही नसते. वर सांगितलेला मातीचा पापुद्रा पावलांनी दबला किंवा खरवडला गेला, तर तो पुन्हा तयार होण्यास माणसाच्या आयुष्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. फुले उमलण्याच्या काळात, म्हणजे बी धरण्यापूर्वीच, तुडवले गेलेले रोप पुढच्या वर्षासाठी मागे काहीच ठेवून जात नाही.

व्यवस्थेचा दुसरा पैलूही ध्यानात घ्यावा. पठाराची देखरेख वनविभागाच्या मार्गदर्शनाखाली कास, एकीव, आटाळी, कासाणी यांसारख्या परिसरातील गावांच्या समित्या करतात. गाड्या लावून घेणे, तिकिटे तपासणे, माहिती सांगणे ही कामे तेथीलच तरुण-तरुणी करतात. अनेकदा त्यांच्याकडून फुलाचे जे स्थानिक नाव आणि त्याचा जो उपयोग कळतो, तो माहितीपत्रकात आढळत नाही. दररोज मर्यादित संख्येनेच प्रवेश मिळत असल्याने अधिकृत संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी, शनिवार-रविवार टाळावेत आणि सकाळची वेळ घ्यावी. धुके विरळ होऊन ऊन पडू लागते, त्या सुमारास पठार सर्वांत देखणे असते. जुन्या दिवसांसारखा एकांत हवा असेल, तर मंगळवारी किंवा बुधवारी जाऊन पाहावे.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीच्या घरातले. गुडघ्यांमुळे चढ झेपत नाही, पण शरदातला सातारा पाहण्याची इच्छा आहे. दोन दिवसांचा झेपेल असा बेत सुचवावा. – एक सेवानिवृत्त शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, पहिला दिवस आपण वाईसाठी ठेवावा. या दिवसांत कृष्णेचे गढूळपण निवळू लागते आणि घाटावर बसून नदी पाहणे हाच एक कार्यक्रम होतो. ढोल्या गणपतीचे मंदिर नदीकाठीच असून ते सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. तेथून मेणवली अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट पायऱ्यापायऱ्यांनी नदीत उतरतो. आपण खाली न उतरता वरच्या पायरीवरच बसावे, तेथूनही त्याची सारी घडण डोळ्यांत भरते. तेथील देवळाजवळ टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळकेवाडीचे पठार पाहावे. पवनचक्क्यांच्या रांगांमधून गाडीरस्ता जातो, दोन्ही बाजूंना या दिवसांत सोनकीचा पिवळा रंग असतो आणि गाडीतून न उतरताही डोळे निवतात. वाटेत ठोसेघरचा धबधबा आहे. पाऊस थांबल्यावर त्याची धार बारीक होत जाते, म्हणून तो पाहायचा असेल तर फार उशीर करू नये. सज्जनगडावर वाहन बरेच वरपर्यंत जात असले, तरी त्यापुढे पायऱ्या आहेतच. समर्थ रामदासांच्या समाधीच्या दर्शनाची ओढ असेल, तर घाई न करता, प्रत्येक टप्प्यावर बसत, काठीच्या आधाराने सकाळच्या थंडाव्यात चढावे. दुपारचे ऊन डोक्यावर घेऊन मुळीच चढू नये. पाऊस गेल्यावर आकाश मोकळे होते आणि जमिनीत मात्र ओल राहते, त्यामुळे ऑक्टोबरचे ऊन घामाघूम करणारे असते. आपल्या वयाला ते एप्रिलच्या उन्हापेक्षाही अधिक थकवते.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील सहा मित्र दिवाळीच्या आधी वासोट्याला जाणार आहोत. किल्ल्यावर तंबू ठोकून राहता येईल का? आणखी कोणती काळजी घ्यावी? – एक विद्यार्थी, कराड

उत्तर : किल्ल्यावर मुक्काम करता येणार नाही, आणि कोणी ‘ओळखीने जमवून देतो’ असे म्हणाले तरी त्या फंदात पडू नये. वासोटा कोयना अभयारण्यात आहे आणि हे अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पावसाळ्यात वाट बंद असते. पाऊस सरल्यावर वनविभाग ती खुली करतो, म्हणून दिवस ठरवण्यापूर्वी बामणोलीच्या वन कार्यालयाकडे चौकशी करावी. परवानगी, ओळखपत्रे आणि बोटीची व्यवस्था बामणोलीतच होते. शिवसागर जलाशयातून साधारण दीड तासाच्या प्रवासानंतर बोट पायथ्याशी लागते आणि संध्याकाळपूर्वी त्याच बोटीने परतावे लागते. पहाटे बामणोलीत नसाल, तर गडावर निवांत बसायला वेळच उरणार नाही. रात्र तंबूतच काढायची हौस असेल, तर अभयारण्याबाहेर, जलाशयाच्या काठावरील गावांत तशी सोय होते.

वाट सुरुवातीला ओढ्याकाठच्या मारुतीजवळून जाते आणि मग दाट जंगलात शिरते. ऑक्टोबरात पाचोळ्याखालची जमीन ओलीच असते, आणि तिथे जळवा वाट पाहत असतात. सुतासारखी बारीक जळू बुटाच्या शिवणीवर उभी राहून डोके हलवीत अंगाचा अंदाज घेते, मोज्याच्या विणीतून आत शिरते आणि मोजा लाल झाल्यावरच तिचा पत्ता लागतो. ती ओढून काढू नये; नखाने किंवा पातळ कार्डाने तोंडाकडून हळूच सोडवावी, जखम पाण्याने धुवावी आणि रक्त थोडा वेळ वाहत राहिले तरी घाबरू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब मोजे आणि पकड असलेले बूट यांना पर्याय नाही. माथ्याजवळ कंबरभर वाढलेल्या गवताने कड्याची धार झाकलेली असते. बाबुकड्याकडे जाताना हे विशेष जपावे, आणि छायाचित्रासाठी मागे मागे सरकत जाणे तर कटाक्षाने टाळावे. सुगंधी द्रव्य लावू नये, आरडाओरडा करू नये, धूर करू नये. आग्या मोहोळ उठले तर जंगलात पळायला जागा नसते.

परतीचा पाऊस हा या दिवसांतला खरा धोका आहे. सकाळ निरभ्र असते आणि दुपारनंतर पाहता पाहता ढग दाटून विजा कडाडू लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये घ्यावे, मात्र जंगलात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून गडगडाट ऐकू येताच माथा सोडून उतरू लागावे. बोटीत जीवरक्षक जाकीट घालावे आणि काठावर पोहण्याचा मोह आवरावा. धरणाच्या पाण्याखाली उताराचा चिखल असतो, दोन पावलांवर खोली वाढते. प्लॅस्टिकच्या वस्तू जितक्या नेल्या तितक्या परत आणल्या की नाही, याची तपासणी होते. ती होत नसती तरी आपण त्या परत आणल्या असत्या, असेच आपले वागणे असावे. आणि तेथे पोहोचल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेशी याच गडावरून झुंजलेल्या ताई तेलिणीची आठवण अवश्य काढावी. त्या घनदाट रानात उभे राहिल्यावर तिची हिंमत अधिक चांगली उमगते.

प्रश्न : कोजागरीच्या रात्री चांदण्यात कासच्या पठारावर दूध आटवण्याचा आमचा विचार आहे. – एक महिला मंडळ, सातारा

उत्तर : कृपया हा विचार सोडून द्यावा. रात्री पठारावर प्रवेश नसतो, आणि चुलीची आग व गाड्यांचे झगमगते दिवे तेथील जीवसृष्टीला घातक ठरतात. त्या रस्त्यावर रात्री गवे उतरतात, हाही विचार करावा. आपल्याच शहरातील एखाद्या गच्चीवर, समोर अजिंक्यतारा चांदण्यात न्हाऊन निघालेला असताना, दूध तितकेच गोड लागेल.

प्रश्न : सातारा एका दिवसात होत नाही. लहान मुलांसह सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, असे एखादे ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सागरेश्वर आहे, आणि त्याची उपेक्षा होते याचे मला फार वाईट वाटते. उजाड डोंगर राखून, झाडे लावून, प्राणी आणून सोडून हे अभयारण्य उभे करण्यात आले; त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची अनेक वर्षांची तळमळ आहे. १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे हे रान असले, तरी चितळ, सांबर आणि काळवीट दिसण्याची येथे चांगली शक्यता असते, विशेषतः पहिल्या प्रहरी. माथ्यावरून कृष्णाकाठचा उसाचा हिरवा पट्टा दूरवर दिसतो. पाऊस नुकताच सरल्यामुळे हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि नदीची वळणे स्पष्ट ओळखता येतात. पायथ्याला सागरेश्वराची प्राचीन मंदिरे आहेत, आणि शेजारचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. रेल्वेने यायचे असल्यास ताकारी स्थानक जवळ पडते. आत खाण्यापिण्याची सोय आहे असे धरून चालू नये. पाणी आणि भाकरी-चटणी घरूनच न्यावी, आणि हरणांना काहीही खाऊ घालू नये असे मुलांना निघतानाच बजावून ठेवावे.