ऑक्सफर्ड की केंब्रिज? आधी ट्युटोरियल म्हणजे काय ते बघ

प्रश्न: ताई, मला गणितात डिग्री करायचीय आणि ती ऑक्सफर्ड नाहीतर केंब्रिजलाच, असं डोक्यात घेतलंय. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू का? आणि कॉलेज सगळ्यात जुनं निवडलं तर जास्त व्हॅल्यू असते का? घरचे म्हणतात नुसते नावाचे पैसे घेतात, शिकवतात सगळीकडे सारखंच.

उत्तर: अगं दोन्हीकडे टाकताच येत नाही! एका वर्षी दोघांपैकी एकच. यूकॅसच्या फॉर्मवर, म्हणजे ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिट्यांच्या सामाईक अर्जावर, पाच जागा असतात, त्यातली एक ह्यांच्यासाठी, बाकीच्या चार दुसऱ्या युनिव्हर्सिट्यांना, आणि त्या चार नीट विचार करून भर, उगाच भरायच्या म्हणून भरू नकोस. डेडलाइनही बाकीच्यांची जानेवारीत असते, ह्यांची १५ ऑक्टोबर, म्हणजे कोर्स सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी. खूप जणांचं इथंच हुकतं.

घरच्यांचं म्हणणं लेक्चरपुरतं मान्य करून टाक. खरा फरक ट्युटोरियलमधे आहे, केंब्रिजला त्यालाच सुपरव्हिजन म्हणतात. होतं काय, तू प्रॉब्लेम शीट सोडवून आधीच नेऊन द्यायची, मग एका खोलीत एक ट्युटर आणि समोर तुम्ही दोघं-तिघं, साधारण तासभर. तो तुझ्याच कागदावर चौथ्या ओळीवर बोट ठेवणार आणि विचारणार, हे इथून इथं कसं आलं? पाठ करून लिहिलं असशील तर तिथल्या तिथं पितळ उघडं पडतं, शेवटच्या बाकावर जाऊन लपायची सोयच नाही. काहींना ह्याची चटक लागते आणि काही हुशार मुलं पार कोमेजतात, खरंच. डिसेंबरमधला इंटरव्ह्यू साधारण ह्याच धर्तीवर होतो, न पाहिलेलं गणित देतात आणि तू मोठ्यानं विचार कसा करतेस ते बघतात. त्यामुळे आत्तापासून कुणालातरी समोर बसव आणि गणित बोलत बोलत सोडव, अडलीस तरी बोलत राहा. त्यात मजा आली तर अर्ज कर, नुसत्या जुन्या इमारतींसाठी नको, त्या टुरिस्ट म्हणूनही बघता येतात.

टर्म फक्त आठ आठवड्यांची असते, वर्षाला तीन. ऐकायला आरामाचं वाटतं पण ते आठ आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते, ऑक्सफर्डला तर पाचव्या आठवड्यातल्या मरगळीला 'फिफ्थ वीक ब्लूज' असं नावच पडलंय.

कॉलेजचं म्हणशील तर तिथं तू राहणार, जेवणार आणि ट्युटोरियलची व्यवस्थाही तेच बघणार, पण लेक्चर, परीक्षा, डिग्री सगळं युनिव्हर्सिटीचं. जुनेपणाचं तर विचारूच नकोस, ऑक्सफर्डला युनिव्हर्सिटी कॉलेज, बॅलिओल आणि मर्टन तिघंही सगळ्यात जुनं आपणच म्हणतात! त्यापेक्षा लेक्चरच्या जागेपासून किती लांब आहे ते बघ, केंब्रिजचं गर्टन छान आहे पण गावाबाहेर, थंडीत सायकल हाणत यावं लागतं. ठरत नसेल तर कॉलेजचं नाव न घालता ओपन अर्ज कर, कॉलेज तेच देतात.

गणितासाठी माझं मत केंब्रिज, पण ऑफर मिळाली तरी स्टेप नावाच्या गणिताच्या परीक्षेत त्यांनी सांगितलेली ग्रेड मिळवावी लागते आणि ती चांगलीच घाम काढते. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली तिथूनच सीनियर रँग्लर झाले. तो पहिला नंबर त्यांना विभागून मिळाला होता, आणि फायनलला गणितात फर्स्ट क्लास मिळवणाऱ्याला तिथं आजही रँग्लर म्हणतात. बाय द वे, तीन वर्षांनी हातात पडते ती बीए, गणित असलं तरी. नातेवाइकांना आधीच सांगून ठेव.

प्रश्न: मुलगी केंब्रिजला जायचं म्हणतेय. ऱ्होड्स वगैरे स्कॉलरशिप मिळेल का? नाहीतर पार्टटाइम नोकरी करून थोडा खर्च निघेल ना?

उत्तर: नोकरीवर हिशोब बसवू नका. व्हिसावर काम करायची मुभा असली तरी टर्म चालू असताना अंडरग्रॅज्युएट मुलांनी नोकरी करू नये असं केंब्रिज स्वतःच सांगतं, आणि वर लिहिलेला आठवडा बघितलात तर वेळ तरी कुठून काढणार. ऱ्होड्स तर ऑक्सफर्डची, आणि ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज, चिवनिंग ही सगळी मोठी नावं पदवीनंतरच्या शिक्षणासाठीच. पदवीला स्कॉलरशिप कमी आणि बऱ्याचदा अर्धवट, स्कॉलरशिप देणारा केंब्रिज ट्रस्ट आणि कॉलेज ह्यांची वेबसाइटवरची पानं नीट वाचा.

ब्रिटिश मुलांची फी २०२५-२६ ला ९,५३५ पौंड होती, तो आकडा बघून खूश होऊ नका, ओव्हरसीज फी त्याच्या कितीतरी पट असते, वर केंब्रिजला कॉलेज फी वेगळी. शिवाय व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी, वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदमच भरावा लागतो. आणि एक गोष्ट हमखास राहते, बऱ्याच कॉलेजात टर्म संपली की खोली रिकामी करावी लागते, अगदी उशीचे अभ्रे काढून. सुट्टीत राहायला मिळेल का, त्याचं भाडं किती आणि सामानाची खोकी कुठं ठेवायची, हे ऑफर आल्याबरोबर कॉलेजला ईमेल करून विचारा.